जुन्या गाडीला मोठे ब्रेक बसवायचेत, पण चाक बसत नाही? मग ‘स्पेसर’ टाकायचा की नाही, नीट समजून घ्या

इन्स्टाग्रामवर जुन्या गाड्यांची रील्स बघत असाल तर एक सीन ओळखीचा असेल. साठ-सत्तरच्या दशकातली गाडी, नवा रंग, चाकाच्या फटीतून डोकावणारा लालभडक कॅलिपर. खाली कुणीतरी विचारतं, “भावा, एवढा मोठा ब्रेक या चाकात बसला कसा?” उत्तर एका शब्दात येतं, “स्पेसर.” आणि विषय संपतो.

खरं तर विषय तिथून सुरू होतो. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये टाकलेली धातूची चकती. आपल्याकडचे मेकॅनिक याला सरळ ‘पॅकिंग’ म्हणतात. दिसायला मामला किरकोळ, पण संपूर्ण चाक ज्या नटांवर उभं असतं त्या नटांशी तो थेट खेळतो. त्यामुळे स्पेसर नेमकं काय करतो आणि काय करू शकत नाही, हे एकदा नीट बघू.

आधी मोठा ब्रेक कशाला हवा?

ब्रेक गाडी ‘थांबवतो’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो गाडीच्या वेगाचं उष्णतेत रूपांतर करतो. माणसांसकट ८०० किलोची छोटी गाडी ताशी १०० किमी वेगावरून शून्यावर आली की सुमारे ३ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता म्हणून उतरते. एकदा थांबलात तर ठीक आहे. घाट उतरताना हेच पुन्हा पुन्हा होतं, ब्रेक थंड व्हायला वेळच मिळत नाही आणि एका क्षणी पाय दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. मोठी डिस्क म्हणजे उष्णता साठवायला जास्त लोखंड आणि हवेला मोकळा पृष्ठभाग. शिवाय पॅड केंद्रापासून लांबवर पकड घेतो, त्यामुळे तेवढ्याच दाबात चाक अडवण्याची ताकद वाढते.

एक गोष्ट मात्र रीलमध्ये कुणी सांगत नाही. तुमचा जुना ब्रेक जोरात दाबल्यावर चारही चाकं लॉक करत असेल, तर मोठ्या ब्रेकने एका दमात थांबण्याचं अंतर फारसं कमी होत नाही. ती मर्यादा टायरची असते. मोठ्या ब्रेकचा फायदा दिसतो तो दहाव्या, पंधराव्या वेळी दाबल्यावर. तुमची गाडी फक्त रविवारी सकाळी चहाला जाणार असेल तर चांगले टायर, नवं ब्रेक ऑइल आणि ताजे लायनर एवढ्यावरही भागू शकतं.

१० इंची चाकाची गोष्ट

हा सगळा पेच समजून घ्यायला सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ब्रिटनची मिनी.

ॲलेक इसिगोनिस यांनी डिझाइन केलेली ही गाडी ऑगस्ट १९५९ मध्ये बाजारात आली. लांबी जेमतेम ३ मीटर. आतली जागा वाचवायची म्हणून इसिगोनिस यांनी चाकं ठेवली फक्त १० इंची. जागा वाचली, पण चाकाच्या पोटात ब्रेकसाठी जागाच उरली नाही. सुरुवातीच्या मिनीला चारही बाजूंना छोटे ड्रम ब्रेक होते.

मग जॉन कूपर यांच्या सहभागातून १९६१ मध्ये मिनी कूपर आली. इंजिन तगडं झालं, तर ब्रेकही वाढवणं भाग होतं. पुढे ७ इंची डिस्क आल्या. १९६३ च्या कूपर एसला ७.५ इंची डिस्क मिळाल्या. याच गाडीने १९६४, १९६५ आणि १९६७ ची माँटे कार्लो रॅली जिंकली. पण १० इंची चाकात याच्या पुढे जाणं कंपनीलाही जड होतं. १९७४ मध्ये १२७५ जीटी या मॉडेलला ८.४ इंची डिस्क दिल्या, तेव्हा चाकही १२ इंची करावं लागलं. १९८४ पासून हाच जोड सगळ्या मिनींना आला.

म्हणजे ज्यांनी गाडी बनवली त्यांनाही मोठ्या डिस्कसाठी चाक बदलावं लागलं, नुसती चकती टाकून काम झालं नाही.

पण थांबा, याच कंपनीने स्पेसरही वापरला होता! डिस्क ब्रेकमुळे कूपर एसची पुढची चाकं थोडी बाहेर सरकली. मागची चाकं त्यांच्या रेषेत आणायला मागचे ड्रमच असे ओतले की त्यांच्यातच स्पेसरची जाडी होती. वेगळी चकती नाही, जास्तीचा जोड नाही. आजही मिनीवाले असे ‘बिल्ट-इन स्पेसर’ असलेले ड्रम शोधून बसवतात. थोडक्यात, स्पेसर ही कल्पना वाईट नाही. ती कुठे आणि कशी वापरली यावर सगळं अवलंबून आहे.

चाक नेमकं कुठे घासतंय?

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. स्पेसर चाकाला बाजूला सरकवतो. चाकाला मोठं करत नाही.

चाकाच्या आत ब्रेकला दोन दिशांना जागा लागते. पहिली वरच्या बाजूला, म्हणजे कॅलिपरचा बाहेरचा कोपरा आणि रिमचा गोल आतला भाग यांच्यामधली. दुसरी बाजूची, म्हणजे कॅलिपरचं तोंड आणि चाकाच्या आऱ्या यांच्यामधली.

पहिली जागा कमी पडत असेल तर साध्या रिमवर स्पेसर टाकून उपयोग नाही. ८.४ इंची डिस्क म्हणजे २१३ मिमी. तिला वरून कवेत घेणारा कॅलिपर आणखी जागा खातो. आणि १० इंच म्हणजे २५४ मिमी हे माप टायरची कड जिथे बसते तिथलं आहे. रिमच्या मध्यावर एक खोलगट चर असतो, टायर चढवता यावा म्हणून मुद्दाम ठेवलेला. तिथे आतला व्यास बराच कमी होतो. त्यामुळे गणित कागदावर जुळल्यासारखं वाटतं आणि गॅरेजमध्ये फसतं. क्वचित कॅलिपर त्या चराच्या कडेलाच अडत असेल तर चाक थोडं सरकवून तो सुटतो, पण त्यावर भरवसा ठेवून पार्ट मागवू नका.

दुसरी जागा कमी पडत असेल, म्हणजे चाक फिरवल्यावर आऱ्या कॅलिपरच्या तोंडाला घासत असतील, तर मात्र स्पेसर खरोखर कामाचा. आणि जुन्या गाडीवर हेच जास्त होतं. त्यामागे साधं कारण आहे. रोजच्या गाड्यांमधल्या बऱ्याच कॅलिपरना पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. बाहेरची बाजू नुसता एक पंजा, म्हणून ती सडपातळ. याउलट हौशी लोक बसवतात तो चार पिस्टनवाला फिक्स्ड कॅलिपर. त्यात दोन पिस्टन आत, दोन बाहेर. बाहेरच्या पिस्टनना जागा हवी, म्हणून कॅलिपर चाकाच्या दिशेने फुगतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्याने ते चाक काढलं त्याच्या डोळ्यासमोर ड्रम होता, असला फुगीर कॅलिपर नव्हता.

इथे अजून एक गोंधळ होतो. जपानच्या डॅटसन २४०झेडचं उदाहरण घ्या. अमेरिकेत या गाडीवर टोयोटाच्या फोर-बाय-फोर पिकअपचे चार पिस्टनवाले कॅलिपर बसवायची जुनी पद्धत आहे. आतून हवा खेळणारी जाड डिस्क घेतली, तर ती कॅलिपरच्या बरोबर मध्ये यावी म्हणून हब आणि डिस्कच्या मध्ये एक चकती टाकतात. तिलाही स्पेसरच म्हणतात! तिचं काम डिस्कची जागा ठरवणं, चाकाची नव्हे. ऑनलाइन पार्ट मागवताना ‘ब्रेक किटसोबत स्पेसर मिळेल’ असं वाचलं, तर तो कुठला स्पेसर आहे हे आधी विचारा.

नट किती फेरे फिरतो ते मोजा

आता खरी जोखीम.

बऱ्याच जणांना वाटतं की गाडीचं वजन स्टडवर लटकलेलं असतं. तसं नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबातून जे घर्षण तयार होतं, ते गाडीचं वजन आणि ब्रेकचा झटका पेलतं. स्टडचं काम फक्त ओढून धरण्याचं. पकड ढिली झाली की चाक हबवर सूक्ष्म सरकायला लागतं आणि प्रत्येक फेऱ्याला स्टड थोडासा वाकतो. मिनीचं १० इंची चाक एका किलोमीटरमध्ये साधारण ६५० फेरे मारतं. १०० किमीची एक सहल म्हणजे ६५ हजार वेळा वाकणं. तार हाताने पुढे-मागे वाकवून तोडतो ना, तसंच.

स्पेसर टाकला की हबपासून चाक लांब जातं आणि स्टडची तेवढी लांबी खाऊन टाकतं. समजा स्टड हबबाहेर २५ मिमी आलाय. अलॉय चाकाची तिथली जाडी १० मिमी. नटाला राहिले १५. त्यात ८ मिमीचा स्पेसर घातला तर उरले ७. नट लागेल, आवळल्यासारखाही वाटेल, पण आटे पुरेसे धरलेले नसतील.

मग पुरेसे म्हणजे किती? जगभर वापरला जाणारा ठोकताळा असा, की स्टडचा जितका व्यास, निदान तितकी लांबी नटाच्या आट्यांनी धरली पाहिजे. मिनीचा स्टड ३/८ इंची, एका इंचात २४ आटे. म्हणजे नट हाताने लागल्यापासून घट्ट होईपर्यंत किमान ९ पूर्ण फेरे. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत दिसणारा १२ मिमीचा, १.५ मिमी आट्यांचा स्टड असेल तर किमान ८ फेरे. मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही, बोटं पुरतात. कमी भरले तर लांब स्टड बसवायचे, नाहीतर तो स्पेसर विसरायचा. काही युरोपीय गाड्यांत स्टडऐवजी बोल्ट असतात. तिथे स्पेसर जितका जाड, तितका बोल्ट लांब घ्यावा लागतो. फार लांब घेतला तर तो आतल्या बाजूला ब्रेकच्या भागांना घासतो, हेही होतं.

स्पेसर मुख्यतः दोन प्रकारचे. पातळ, ३ ते १० मिमीचे, जे नुसते स्टडवर सरकवायचे. आणि जाड, साधारण २० मिमीच्या पुढचे, जे आधी गाडीच्या स्टडवर आवळायचे आणि ज्यांना चाकासाठी स्वतःचे वेगळे स्टड असतात. दुसऱ्या प्रकारात आटे अपुरे पडण्याचा प्रश्न सुटतो, पण चाकाखाली लपलेले चार नट वाढतात. ते ढिले झाले तर बाहेरून दिसतही नाहीत. म्हणून चाक काढून ते अधूनमधून तपासावे लागतात.

चाक बरोबर मध्यावर बसणं हा आणखी एक मुद्दा. आजच्या बहुतेक गाड्यांत हबच्या मधल्या गोल कडेवर चाक नेमकं बसतं. स्पेसरने ती कड झाकली गेली तर स्पेसरला स्वतःची तशीच कड हवी, नाहीतर ताशी ७०-८० ला स्टिअरिंग थरथरायला लागतं. मिनीसारख्या जुन्या गाड्यांत चाकाला मध्य मिळतो तो नटांच्या निमुळत्या तोंडामुळे. अलॉय चाकं टाकताना नटाचं तोंड चाकाच्या भोकाशी जुळतंय का, हे तिथे बघावं लागतं.

आणि हो, लेथवाल्याकडून भंगारातल्या ॲल्युमिनियमचा तुकडा टर्न करून घेतलेला स्पेसर. स्वस्त पडतो, त्याच दिवशी हातात मिळतो. पण तो कुठल्या मिश्रधातूचा आहे हे त्यालाही माहीत नसतं आणि तुम्हालाही. चांगले स्पेसर ठरावीक ग्रेडच्या, उष्णता-प्रक्रिया केलेल्या ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजू एकमेकींना तंतोतंत समांतर असतात. जाडीत जरासा फरक पडला तरी चाक वाकडं फिरतं. दोन पातळ स्पेसर एकावर एक टाकून जाडी जुळवण्याचा जुगाडही याच रांगेत.

चाक बाहेर गेलं की आणखी काय बदलतं?

दोन्ही बाजूंना २० मिमीचे स्पेसर टाकले तर चाकांमधलं अंतर ४० मिमीने वाढतं. गाडी रुंद, रुबाबदार दिसते. अनेकांचा खरा हेतू हाच असतो, ब्रेक हे निमित्त! पण टायर मडगार्डला लागतो का, हे फक्त उभ्या गाडीवर बघू नका. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि मागे चार माणसं बसवून बघा.

स्टिअरिंगचंही गणित हलतं. पुढचं चाक ज्या काल्पनिक अक्षाभोवती वळतं, तो अक्ष रस्त्याला एका बिंदूवर टेकतो. त्या बिंदूपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर स्पेसरच्या जाडीएवढं बाहेर सरकतं. परिणामी एका चाकाखाली खड्डा आला किंवा एका बाजूचा ब्रेक जास्त लागला, तर हातातलं स्टिअरिंग जास्त जोरात ओढलं जातं. ५ मिमीला हे जाणवणारही नाही. २५ मिमीला नक्की जाणवेल. व्हील बेअरिंगवरचा ताणही तसाच जाडीबरोबर वाढत जातो. म्हणून नियम एकच: कॅलिपर सुटेल इतकीच जाडी, वर थोडीशी मोकळीक, बस्स.

ब्रेकच्या बाजूनेही एक गोष्ट राहते. नव्या कॅलिपरचे पिस्टन मिळून क्षेत्रफळ जुन्यापेक्षा जास्त असेल, तर त्यांना सरकवायला तेल जास्त लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवलात तर पेडल खोल जाईल. पुढचे ब्रेक फारच ताकदवान झाले आणि मागचे तसेच राहिले, तर पुढची चाकं आधी लॉक होतील आणि मागचे ब्रेक नुसते सोबतीला. हे उलट होण्यापेक्षा बरं, कारण मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते. पण मोठ्या ब्रेकवर खर्च केलेले पैसे मग पूर्ण वसूल होत नाहीत.

आपल्या पद्मिनीचं काय?

मुंबईकरांसाठी ‘जुनी गाडी’ म्हटलं की पहिलं नाव पद्मिनी. फियाट ११०० वरून आलेली, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीसाठीची २० वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. आता उरल्यात त्या हौशी मालकांच्या. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली ही गाडी आजच्या वाहतुकीत चालवताना पाय आपोआप आधीच ब्रेकवर जातो. त्यामुळे डिस्क बसवायचा मोह समजण्यासारखा आहे, आणि चाकात १० इंची मिनीपेक्षा जागाही जास्त आहे.

पण इथे कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. नियमात न बसणारा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरने चाकामागची चकती बाहेर काढून दाखवावी, हा फार महाग धडा आहे.

५० वर्षांपेक्षा जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची असेल तर २०२१ च्या नियमांनुसार ती मूळ रूपात राखलेली असावी लागते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. ‘व्हीए’ मालिकेतला तो खास नंबर हवा असेल तर निर्णय आधीच घ्या आणि काढलेला प्रत्येक मूळ पार्ट जपून ठेवा.

जर्मनीत तर स्पेसरसोबत त्याच्या मंजुरीची कागदपत्रं लागतात, नाहीतर गाडी रस्त्यावर आणण्याचा परवानाच धोक्यात येतो. तिथे स्पेसर सर्रास विकले जातात, पण कागदासकट.

मापं कशी घ्यायची?

पार्ट मागवण्याआधी कॅलिपर बनवणाऱ्याकडून त्याच्या आकाराचा कागदी साचा मिळतो का ते बघा. खऱ्या मापाला प्रिंट काढा, पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा आणि चाकाच्या आत धरून फिरवा. कुठे अडतंय ते पाच मिनिटांत कळतं. कॅलिपर आधीच हातात असेल तर लहान मुलांची खेळायची क्ले त्याच्या तोंडावर आणि वरच्या कोपऱ्यावर थापा, चाक बसवा, हाताने हळूच एक फेरा फिरवा आणि काढून बघा. क्ले जिथे सर्वात पातळ झाली तिथली जाडी म्हणजे तुमची उरलेली मोकळी जागा. ती २-३ मिमी तरी हवी, कारण गरम झाल्यावर सगळंच थोडं फुगतं आणि वळणावर चाक थोडं लवतं. चाकाला आतून चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं असतील तर ती धरून मोजा. अनेकांचं सगळं बरोबर बसतं आणि पहिल्याच फेऱ्यात हे वजन कॅलिपरला खरवडून खाली पडतं.

मोजल्यावर १५-२० मिमीचा स्पेसर लागेल असं दिसलं, तर आधी तेवढंच बाहेर बसणारं, कमी ऑफसेटचं दुसरं चाक मिळतंय का ते शोधा. स्टिअरिंग आणि बेअरिंगवरचा परिणाम तोच राहील, पण मधला एक जोड वाचेल.

बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. गंज किंवा रंगाच्या थरावर आवळलेला स्पेसर काही दिवसांत बसका होतो आणि नट ढिले पडतात. नट एअर गनने मारून घेऊ नका, टॉर्क रेंचने समोरासमोरच्या क्रमाने आवळा. मिनीला साधारण ६० न्यूटन-मीटर पुरतात. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये असतो. पहिल्या ५० ते १०० किमीनंतर चाकं थंड असताना सगळे नट पुन्हा तपासा. एखादा नट वळला, तर त्या चाकाचे सगळे नट काढून हबकडे पुन्हा एकदा बघा.